जुन्या शिडाच्या बोटीवरचा फ्रीज: कॉम्प्रेसर निवडण्याआधी पेटी मोजा

आपण कळवलेल्या माहितीवरून परिस्थिती मला अशी दिसते. बोट १९८४ च्या सुमाराची, ३६ फुटी, फायबरग्लासची आहे. ती गोव्यात मांडवी नदीत असते आणि पावसाळा सरल्यावर मुंबईपर्यंत, पुढे कधीतरी कोचीपर्यंत न्यावी असा आपला बेत आहे. स्वयंपाकाच्या ओट्यात वरून उघडणारी, आतून साधारण ७५ × ५० × ५० सेंटिमीटरची पेटी आहे. तिच्यात गारवा साठवणारी जाड प्लेट असून, इंजिनावर पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर ती गोठवतो. गारवा निर्माण करणारा मूळ गॅस आर-१२ होता, तो पुढे कोणीतरी बदलून आर-१३४ए भरला. आता दर हंगामात गॅस भरावा लागतो, दिवसातून दोनदा दीड-दीड तास इंजिन चालवावे लागते, आणि तरीही दूध दुसऱ्या दिवशी नासते. स्थानिक मेकॅनिक एचसी (हायड्रोकार्बन) गॅस मारून घ्या म्हणतो, तर आपला कल १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरकडे आहे. बोटीवर १०० अँपिअर-अवरच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या आहेत. कोणता कॉम्प्रेसर घ्यावा आणि त्याच पेटीत मासळी गोठवता येईल का, हे आपले दोन प्रश्न.

१२ व्होल्टकडे वळण्याचा विचार योग्य आहे. मात्र कोणता कॉम्प्रेसर, हे आपल्या पेटीत दर तासाला किती उष्णता शिरते हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि ते कळले की बहुधा असे दिसेल की पैशांचा मोठा वाटा यंत्रावर नव्हे, तर पेटीच्या भिंतींवर खर्च करायला हवा. त्या काळच्या बहुतेक बोटी थंड समुद्रांसाठी बांधलेल्या होत्या. पेटी आणि बोटीचे कवच यांच्या फटीत कारखान्यात ओतलेला फोम जेमतेम ५० मिलिमीटर जाड असे, काही कोपऱ्यांत तर तो पोहोचतही नसे. चाळीस वर्षांत त्या फोममध्ये पाणी मुरते. बाहेरची उष्ण, दमट हवा थंड बाजूकडे झिरपते, फोमच्या आत दवबिंदूच्या खालच्या थरात पोहोचताच तिच्यातील वाफेचे पाणी होते, आणि ते बाहेर पडायला वाट नसते. कोरड्या पॉलियुरेथेन फोमची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे ०.०२५ वॉटच्या आसपास असते, तर पाण्याची ०.६, म्हणजे थोडी ओलही फोमचा उपयोग निम्म्यावर आणू शकते. वरून पाहिले तर पेटी ठाकठीक दिसते, म्हणून दोष नेहमी कॉम्प्रेसरच्या माथी जातो.

ही उष्णता मोजायला बर्फाची लादी, वजनकाटा आणि तापमापक एवढेच लागते. फ्रीज बंद करून पेटी रिकामी करावी आणि पहिल्या दिवशी पेटीचे अंग व फोम थंड होण्यापुरता बर्फ त्यात ठेवावा. या दिवसाचा हिशेब धरू नये, कारण त्यातला पुष्कळसा बर्फ भिंती गार करण्यातच जातो. दुसऱ्या दिवशी साचलेले सगळे पाणी काढून, तोलून घेतलेला पंचवीसेक किलो बर्फ मोठ्या तुकड्यांत ठेवावा, पाणी जाण्याचे छिद्र बुचाने बंद करावे, झाकण लावावे आणि २४ तास उघडू नये. या काळात केबिनमधील तापमान दर तीन-चार तासांनी लिहून ठेवावे. शेवटी वितळलेले पाणी काढून तोलावे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, त्यामुळे २४ तासांत वितळलेल्या प्रत्येक किलोमागे पेटीत सरासरी ३.९ वॉट उष्णता शिरली असे समजावे. बर्फ ठेवलेली पेटी आतून फ्रीजइतकीच थंड राहते, म्हणून हा आकडा पुढच्या हिशेबाला थेट वापरता येतो. चाचणी डिसेंबरच्या रात्री करून एप्रिलचा अंदाज बांधू नये. केबिन ३२ अंशांच्या आसपास असताना ती करावी, किंवा तापमानातील फरकाच्या प्रमाणात आकडा वाढवून घ्यावा.

आपल्या मापाच्या पेटीत १२ ते १५ किलो बर्फ वितळेल असा माझा अंदाज आहे. त्यामागचे गणित असे. पेटीचे आतले क्षेत्रफळ २ चौरस मीटर भरते. ओलसर झालेल्या फोमची वाहकता ०.०४५ धरली तर ५० मिलिमीटर भिंतीतून चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाला ०.९ वॉट उष्णता जाते. बाहेर ३२ आणि आत ४ अंश असा २८ अंशांचा फरक असताना हे ५० वॉट होतात, म्हणजेच दिवसाला १३ किलो बर्फ. चाचणीत आकडा याहून खूप मोठा, समजा २० किलो आला, तर फोम चिंब भिजलेला आहे, झाकणातून हवा जाते आहे किंवा पेटीची एक भिंत इंजिनाच्या कप्प्याला चिकटलेली आहे. तिसरी शक्यता आवर्जून तपासावी. इंजिन चालल्यावर तो कप्पा ५० अंशांच्या वर जातो आणि नंतर काही तास तापलेलाच राहतो. आपण दिवसातून दोनदा इंजिन चालवता ते फ्रीज गार करण्यासाठी, आणि तेच इंजिन पेटीला एका बाजूने शेकत असते.

आता हेच ५० वॉट विजेच्या भाषेत मांडू. आपल्याकडील तापमानात लहान १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर विजेच्या एका वॉटमागे सव्वा वॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. त्यामुळे ५० वॉटसाठी सरासरी ४० वॉट वीज, दिवसाला ९६० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टवर ८० अँपिअर-अवर लागतील. पाच लिटर कोमट पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचे तर आणखी १० अँपिअर-अवर धरावे. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्यापेक्षा जास्त रिकाम्या करू नयेत हा नियम पाळला तर आपल्या दोन बॅटऱ्यांतून एकूण १०० अँपिअर-अवर मिळतात, आणि त्यांवर दिवे, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ यांचाही भार असतो. याचा अर्थ, सध्याच्या पेटीला सर्वांत उत्तम कॉम्प्रेसर लावला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसलेली असेल आणि आपण पुन्हा इंजिनच चालवत राहाल.

पेटीचे काम दोन पद्धतींनी करता येते. पहिली म्हणजे ओटा कापून, जुनी पेटी आणि फोम उपसून काढून नवीन पेटी बांधणे. ती सर्वांत चांगली, पण जुन्या बोटीत ओटा आणि कप्प्यांचे लाकूडकाम बोटीच्या आतल्या ढाच्याशी जोडलेले असते, त्यामुळे काम वाढत जाते. दुसरी म्हणजे जुनी पेटी तशीच ठेवून आतून ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम सर्व बाजूंनी, तळाला आणि वरच्या बाजूलाही चिकटवून त्यावर नवे अस्तर करणे. यात पेटी ६५ × ४० × ४० सेंटिमीटरची, म्हणजे १८७ लिटरवरून १०४ लिटरवर येते, आणि येथेच बहुतेक मालक बिचकतात. १०४ लिटरमध्ये दोघांचे आठवड्याचे सामान राहते. मोठ्या पेटीचा अर्धा भाग सहसा कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी व्यापलेला असतो. फायदा मात्र दुहेरी होतो, कारण भिंत जाड होते आणि क्षेत्रफळही घटते. उष्णतेचा आकडा ५० वरून १७ ते २० वॉटवर येतो आणि विजेचा खर्च दिवसाला ३२ अँपिअर-अवरच्या आसपास. एवढी वीज २०० वॉटचे सौर पॅनेल गोव्याच्या हिवाळ्यात, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली अधूनमधून पडत असतानाही, भरून देऊ शकते.

फोमच्या निवडीत तडजोड करू नये. सुतार थर्माकोल आणून देईल. तो घेऊ नये, कारण त्याच्या दाण्यांमधील फटींत पाणी शिरते. गच्चीच्या उष्णतारोधासाठी विकले जाणारे निळे किंवा गुलाबी एक्सपीएसचे तक्ते हवेत. ते चिकटवायला आणि त्यावर काच-कापड बसवायला एपॉक्सीच वापरावी. बोटबांधणीच्या आवारात सहज मिळणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन हा फोम विरघळवून टाकते आणि संध्याकाळपर्यंत तक्त्याच्या जागी खड्डे दिसतात. एका ५० मिलिमीटरच्या तक्त्याऐवजी २५ मिलिमीटरचे दोन, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे बसवावेत. बाष्परोधक थर नेहमी उष्ण बाजूला हवा. आतून काम करताना तो जुन्या पेटीच्या आतल्या पृष्ठभागावर, म्हणजे नव्या फोमच्या मागे, एपॉक्सीचे अखंड दोन हात देऊन करता येतो. मात्र त्याआधी जुन्या पेटीच्या तळाजवळ लहान छिद्र पाडून फोममधून पाणी येते का ते पाहावे आणि येत असेल तर बोट पाण्याबाहेर असताना काही आठवडे ते निथळू द्यावे. व्हॅक्यूम पॅनेलने २५ मिलिमीटरमध्ये कितीतरी जास्त रोध मिळतो, पण ती कापता येत नाहीत आणि पुढे कधी एखाद्या कारागिराने त्यात स्क्रू मारला की पॅनेल संपले. इंजिनाच्या बाजूच्या एका भिंतीपुरती ती वापरावीत, आणि त्या भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना रंगवून ठेवावी.

झाकण आणि पाण्याचे छिद्र या दोन गोष्टी स्वस्तातल्या आहेत आणि हमखास दुर्लक्षिल्या जातात. झाकणात किमान ७५ मिलिमीटर फोम असावा आणि रबरी पट्टी एकाखाली एक अशा दोन पायऱ्यांवर बसावी. कागदाची पट्टी झाकणाखाली धरून ओढून पाहावी. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. तळाचे छिद्र बऱ्याच जुन्या बोटींत थेट बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचते त्या बोटीच्या तळाच्या पोकळीत, उघडते. थंड हवा जड असल्यामुळे ती तेथून रात्रंदिवस वाहून जाते आणि तिच्या जागी वरून दमट हवा आत येते. हे छिद्र कायमचे बुजवावे आणि पाणी काढायला छोटा हातपंप ठेवावा. बिल्जचा वासही त्याच वाटेने दुधात येत असतो.

आता यंत्राकडे वळू. आपल्या जुन्या यंत्रणेत दर हंगामात गॅस संपतो याचे कारण बहुधा कॉम्प्रेसरच्या शाफ्टची सील आहे. पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचा शाफ्ट बाहेर येतो, तेथील सील बोट वापरात नसताना कोरडी पडते आणि रबरी नळ्यांतूनही गॅस थोडा थोडा निसटतो. १२ व्होल्टच्या बंदिस्त कॉम्प्रेसरमध्ये मोटर आतच असते, त्यामुळे गळतीची ही वाटच राहत नाही. दुसरे असे की, आर-१२ सोबत खनिज तेल वापरले जात असे आणि आर-१३४ए त्या तेलात नीट मिसळत नाही. ज्यांनी गॅस बदलला त्यांनी तेल बदलले नसेल तर ते प्लेटच्या नळीत साचून राहिले असेल; त्यामुळे प्लेट नीट गोठत नाही आणि कॉम्प्रेसरला तेल अपुरे पडते. दूध नासण्यात याचाही वाटा असू शकतो. जुनी प्लेट नव्या लहान कॉम्प्रेसरला जोडू नये. तिच्यातील नळीची लांबी त्याच्या आवाक्याबाहेरची असते आणि जुने तेल नव्या यंत्रणेत येते.

एचसी गॅसबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बोटीवर तो नको. आपल्याकडे घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए हा हायड्रोकार्बन गॅस सर्रास असतो आणि तो उत्तम काम करतो. जुन्या आर-१२ च्या यंत्रात हायड्रोकार्बन मिश्रण भरण्याची पद्धतही रुळलेली आहे, म्हणून मेकॅनिकने सुचवले यात नवल नाही. परंतु हा ज्वलनशील वायू हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर दारा-खिडकीतून जातो, बोटीत तो बिल्जमध्ये उतरून साचतो, आणि तेथेच पंपाचा फ्लोट स्विच व शेजारी इंजिनाचा स्टार्टर असतो. ज्या यंत्रातून दर हंगामात गॅस गळतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्यात तर तो मुळीच भरू नये. सध्याचा गॅस काढताना हवेत सोडू नये, सिलिंडरमध्ये भरून घ्यावा. आर-१२ चे उत्पादन भारतात २००८ पासून बंद आहे, त्यामुळे तो कोणी देऊ केल्यास जुन्या साठ्यातला किंवा बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

नव्या यंत्रासाठी डॅनफॉसचे, २०१० पासून सेकॉप या नावाने मिळणारे, बीडी३५ आणि बीडी५० हे दोन कॉम्प्रेसर बोटीवरच्या बहुतेक तयार संचांत असतात. पेटीचा आकडा २० वॉटच्या आसपास आणला असेल तर बीडी३५ पुरेसा आहे. मोठा घेण्याचा मोह टाळावा. त्याचा वेग मिनिटाला २,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान बदलता येतो आणि तो थर्मोस्टॅटच्या वायरमधील रेझिस्टरने ठरतो. रेझिस्टर नसेल तर तो सर्वांत कमी वेगाने चालतो, आणि कमी वेगात तो विजेचा सर्वांत चांगला मोबदला देतो. घरगुती फ्रीज इन्व्हर्टरवर चालवण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. पुढून उघडणाऱ्या दारातून गारवा पायांवर सांडतो आणि बोट कलली की भांडीही; त्यावर अधिक लिहीत नाही.

कंडेन्सर (पेटीतून काढलेली उष्णता बाहेर टाकणारा भाग) हवेवर थंड होणारा घ्यावा की समुद्राच्या पाण्यावर, यात जाणकारांत मतभेद आहेत. आपल्याकडे समुद्राचे पाणी २६ ते ३० अंश आणि बंद लॉकरमधील (बोटीच्या कपाटातील) हवा सहज ४० अंश, त्यामुळे बोटीच्या तळाला बाहेरून बसणारा कांस्याचा कूलर कागदावर सरस ठरतो. परंतु मांडवीसारख्या गढूळ खाडीत उभ्या असलेल्या बोटीवर शेवाळ आणि शिंपले इतक्या झपाट्याने चढतात की दर काही आठवड्यांनी डुबी मारून तो घासावा लागेल, शिवाय त्यासाठी तळाला नवे छिद्र. मी आपल्याला पंख्याचा साधा कंडेन्सर सुचवीन, एका अटीवर: त्याला हवा खालून, बिल्जच्या गारव्यातून मिळाली पाहिजे आणि तापलेली हवा वरून लॉकरबाहेर गेली पाहिजे. कॉम्प्रेसर बंद लॉकरमध्ये टाकून जाळीही न लावणे ही मला सर्वाधिक दिसणारी चूक आहे. तेथे यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसते आणि कधी थांबतच नाही.

गॅसचे प्रमाण या लहान यंत्रांत शे-दोनशे ग्रॅमच्या घरात असते, त्यामुळे मोटारीच्या एसीची सवय असलेल्या हातांकडून ते हटकून जास्त भरले जाते. परतीच्या नळीवर पेटीबाहेर बर्फ धरू लागला तर गॅस जास्त आहे असे समजावे. शक्य तर आधीच गॅस भरलेला, जोडण्या नुसत्या आवळायच्या असा संच घ्यावा आणि कारण नसताना त्याला गेज लावू देऊ नये. प्रत्येक वेळी थोडा गॅस जातो आणि थोडी दमट हवा आत येते, जी या कॉम्प्रेसरमधील एस्टर तेल चटकन शोषते. बाष्पक (पेटीच्या आत थंड होणारा भाग) पेटीत वरच्या बाजूला बसवावा आणि संगणकातला असतो तसा छोटा १२ व्होल्टचा पंखा आत ठेवावा. नाहीतर तळाशी कोथिंबीर गोठते आणि वरचे लोणी वितळलेले राहते.

बिघाडांच्या तक्रारींपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात वायरीच्या असतात. १२ व्होल्टवर कॉम्प्रेसरपर्यंतची वायर बॅटरीपासून अडीच मीटरपर्यंत असेल तर २.५ चौरस मिलिमीटर, चार मीटरपर्यंत ४, सहा मीटरपर्यंत ६ आणि दहा मीटरपर्यंत १० चौरस मिलिमीटर हवी, असे निर्मात्याचे कोष्टक सांगते. वायर कल्हई केलेल्या तांब्याची असावी, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून सरळ बॅटरीकडे जावी आणि तिच्यावर दुसरे काही जोडू नये. कॉम्प्रेसरचे इलेक्ट्रॉनिक युनिट सर्वसाधारण मांडणीत १०.४ व्होल्टवर यंत्र बंद करते आणि ११.७ व्होल्टला पुन्हा सुरू करते. वायर बारीक असेल तर बॅटरी भरलेली असूनही सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली येते आणि यंत्र बंद पडते. या युनिटला एक एलईडी जोडता येतो, तो अवश्य जोडावा. तो एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंख्याचा दोष, तीनदा म्हणजे मोटर फिरायला सुरुवातच होत नाही, चारदा म्हणजे भाराखाली वेग टिकत नाही, आणि पाचदा म्हणजे युनिट तापले आहे. हे माहीत असेल तर फोनवरूनही निदान होते.

कामाच्या वेळेबद्दल एक सूचना. बोट पावसाळ्यात पाण्याबाहेर असते म्हणून हेही काम जून ते सप्टेंबरमध्ये उरकण्याचा मोह होतो. जुने उपसणे, फोम निथळणे, वायरी ओढणे ही कामे तेव्हा जरूर करावीत. पण पावसाळ्यातील दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा हात नीट धरत नाही. ओतायचा पॉलियुरेथेन फोम तर ओलाव्याशी रासायनिक क्रिया करून पोकळ होतो. चिकटवण्याचे आणि अस्तराचे काम ऑक्टोबरअखेरीपर्यंत थांबवावे. या हंगामात पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर पेटी आणि झाकण करून घ्यावे. २० वॉटच्या पेटीत २० किलोची लादी जवळपास चार दिवस टिकते, आणि किनाऱ्याने मुंबईकडे जाताना मासळी उतरणाऱ्या प्रत्येक बंदरात बर्फ मिळतो. आपल्या किनाऱ्यावरचे मचवे आजही समुद्रात मासळी बर्फावरच टिकवतात.

राहिला मासळी गोठवण्याचा प्रश्न. त्याच पेटीत ते करू नये. उणे १५ अंशांसाठी तापमानातील फरक २८ वरून ४७ अंशांवर जातो, आणि बाष्पक उणे २५ च्या आसपास ठेवावा लागल्याने त्याच कॉम्प्रेसरची उष्णता काढण्याची क्षमता सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे काम दीडपटीहून जास्त आणि ताकद निम्मी. मध्ये फळी घालून एका कॉम्प्रेसरवर दोन कप्पे करण्याची युक्ती लोक वापरतात; तिच्यात फ्रीजच्या बाजूची भाजी गोठते किंवा फ्रीझरच्या बाजूची मासळी मऊ पडते, आणि थर्मोस्टॅट दोघांपैकी एकाचेच ऐकतो. कोचीच्या लांब सफरीसाठी गोठवणे आवश्यकच वाटत असेल तर २०-२५ लिटरची, चहूबाजूंनी १५० मिलिमीटर फोमची स्वतंत्र लहान पेटी आणि तिला वेगळा कॉम्प्रेसर करावा, तोही फ्रीजचा एक पूर्ण हंगाम काढून विजेचा खरा खर्च बॅटरी मॉनिटरवर पाहिल्यानंतर.